चंद्रावरची वस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानकथा वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि चांद्रमोहिमांच्या बातम्या आवडीने वाचणाऱ्या मंडळींचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कल्पना अशी धरा: चंद्रावर पहिला तळ उभा राहून दोन-तीन पिढ्या झाल्या आहेत, काही हजार माणसं तिथे राहतात आणि तिथेच जन्मलेली मुलं आता कामाला लागली आहेत. वस्ती कल्पनेतली आहे, पण तिच्याभोवतीचा चंद्र खराच आहे. त्याच्याविषयी आज जे माहीत आहे त्याला धरूनच उत्तरं दिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

तळ आणि वस्ती यांत फरक काय?

अंटार्क्टिकावर भारताची मैत्री आणि भारती ही दोन केंद्रं आहेत. मैत्री १९८९पासून चालू आहे. तिथे बारा महिने माणसं असतात, रोज स्वयंपाक होतो, सणवार होतात, तरी त्याला कुणी गाव म्हणत नाही. तिथे आलेला प्रत्येक जण परत जाण्यासाठीच आलेला असतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नोव्हेंबर २०००पासून एकही दिवस खंड न पडता माणसं राहिली आहेत. तीही वस्ती नाही, कारण खालून येणारी रसद थांबली की स्थानक सोडावंच लागेल.

वस्तीत म्हातारी माणसं असतात, शाळा असते, भाऊबंदकी असते, आणि कुणी आजारी पडलं तर ‘परत पाठवून द्या’ हा पहिला उपाय नसतो. माझी कसोटी सोपी आहे. पृथ्वीवरून वर्षभर एकही यान आलं नाही तरी माणसं तगली पाहिजेत. या कसोटीला उतरायचं तर रॉकेटपेक्षा हवा, पाणी, वीज आणि दुरुस्ती या चार गोष्टींचा विचार जास्त करावा लागतो. म्हणून पुढची बरीचशी उत्तरं त्यांच्याभोवतीच फिरतात.

चंद्रावर नेमकी कुठे वस्ती होईल?

दोन जागा डोळ्यांसमोर आहेत. पहिली दक्षिण ध्रुवाजवळची. चंद्राचा आस जेमतेम दीड अंशाने कललेला आहे, त्यामुळे ध्रुवावर सूर्य क्षितिजाला टेकूनच गोल फिरतो. शॅकलटन विवराच्या कडेवरचे काही उंचवटे वर्षातला बहुतेक काळ उजेडात असतात. त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर, विवरांच्या तळाशी, अब्जावधी वर्षं ऊन पोचलेलं नाही. तिथे बर्फ आहे. वीज आणि पाणी इतक्या जवळ चंद्रावर दुसरीकडे कुठेही नाहीत.

दुसरी जागा जमिनीखालची. चंद्रावर एके काळी लाव्हा वाहिला, वरचा थर थिजला, आतला लाव्हा पुढे निघून गेला आणि पोकळ नळ्या उरल्या. त्यांचं छत कुठे कुठे कोसळून विहिरींसारखे खड्डे पडले आहेत. मारियस हिल्स भागातला असा खड्डा जपानच्या कागुया यानाने घेतलेल्या चित्रांत सापडला आणि २००९ साली जाहीर झाला. शांतिसागर नावाच्या काळ्या सपाट मैदानातला खड्डा सुमारे १०० मीटर रुंद आणि जवळपास तितकाच खोल आहे. रडारच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर त्याच्या तळापासून आत जाणारी गुहा असल्याचं २०२४ साली दाखवण्यात आलं. त्या खड्ड्याच्या कायम सावलीतल्या भागात तापमान १७ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर असावं, असं २०२२च्या अभ्यासात दिसलं. बाहेर दुपारी शंभराच्या वर आणि रात्री शून्याखाली शंभराहून जास्त, आणि आत मात्र महाबळेश्वरची हवा.

माझ्या मते पहिले तळ ध्रुवावर होतील आणि पुढे माणसं वाढली की मोठी वस्ती गुहांमध्ये वसेल. अडचण अशी की गुहा आहेत तिथे बर्फ नाही आणि रात्र चौदा दिवसांची आहे. म्हणजे ध्रुवावरच्या लोकांकडे पाणी आणि गुहेतल्यांकडे सुरक्षित जागा. या दोघांतला व्यवहार, वाद आणि सोयरिकी यांतच चंद्राचा पुढचा इतिहास घडेल. कुणाला कादंबरी लिहायची असेल तर विषय इथे आहे.

चित्रांत दिसतात तसे काचेचे घुमट असतील का?

नाही. याची कारणं नीट समजून घेण्यासारखी आहेत.

चंद्राला वातावरण नाही, चुंबकीय कवचही नाही. चीनचं चांग-ई ४ हे यान ३ जानेवारी २०१९ रोजी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरलं. त्यावरच्या उपकरणाने किरणोत्सर्ग मोजला तो ताशी सुमारे ६० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे आपल्याला जमिनीवर मिळतो त्याच्या दोनशे पटींच्या घरात. हे शांत सूर्याचे आकडे आहेत. ऑगस्ट १९७२मध्ये सूर्यावर मोठं वादळ झालं. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं आणि अपोलो १७ डिसेंबरमध्ये निघायचं होतं, म्हणून त्या वेळी चंद्रावर कुणी नव्हतं. कुणी असतं तर ते गंभीर आजारी पडले असते.

काचेचा पातळ घुमट इथे काही कामाचा नाही. डोक्यावर दोन-तीन मीटर माती तरी हवीच. वस्तीतल्या घराचं बाहेरून दिसणारं रूप म्हणजे मातीचा उंचवटा आणि त्यात एक दार.

दुसरं कारण हवेचा दाब. समुद्रसपाटीइतका दाब घरात ठेवला तर प्रत्येक चौरस मीटर भिंतीवर दहा टनांचा रेटा आतून बाहेर येतो. पृथ्वीवर छत कोसळू नये याची काळजी घेतात, तिथे छत उडू नये याची घ्यावी लागेल. घरं म्हणून गोल किंवा नळकांड्यासारखी असतील, चौकोनी नव्हे.

मातीचा आणखी एक फायदा चांद्रयान ३ने दाखवून दिला. विक्रमवरच्या ‘चेस्ट’ या उपकरणाने मातीत सळई खुपसून तापमान मोजलं. पृष्ठभागावर ७० अंशांपर्यंत, आणि फक्त आठ सेंटिमीटर खाली उणे १०. वीतभरही खोली नाही आणि ऐंशी अंशांचा फरक! इतकं उत्तम पांघरूण चंद्रावर जागोजाग फुकट पडलेलं आहे.

चौदा दिवसांची रात्र कशी काढायची?

चंद्रावरचा एक दिवस आपल्या साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे जवळजवळ पंधरवडाभर ऊन आणि पंधरवडाभर अंधार. ही रात्र काय करते ते आपण पाहिलं आहे. विक्रम २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरला, प्रज्ञान शंभर मीटरच्या आसपास फिरला, दोघांनी ठरलेली कामं पार पाडली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघांना झोपवण्यात आलं. २२ सप्टेंबरला पुन्हा ऊन आलं, हाका मारल्या गेल्या, उत्तर आलं नाही. चांग-ई ४बरोबर गेलेल्या डब्यात कापसाचं बी रुजलं होतं. चंद्रावर उगवलेलं ते पहिलं रोप, आणि तेही पहिल्याच रात्री गारठून गेलं.

वस्तीसाठी भरवशाचा उपाय म्हणजे छोटी अणुभट्टी, आणि जोडीला बॅटऱ्या. तरीही रात्री वीज जपूनच वापरावी लागेल. खडक वितळवणं, ऑक्सिजन काढणं, धातू गाळणं ही सगळी खादाड कामं दिवसात उरकली जातील. रात्र लागली की भट्ट्या थंड, दुरुस्त्या सुरू, आणि माणसांना थोडी उसंत. आपल्याकडे सुगी आटोपल्यावर लगीनसराई येते, तसं तिथे लग्नं, नाटकं, निवडणुका हे सगळं रात्रीच्या पंधरवड्यात होईल असं मला वाटतं. लोक ‘पुढच्या रात्री भेटू’ म्हणतील आणि त्याचा अर्थ महिनाभराने असा असेल.

ध्रुवावर ही अडचण बरीच कमी. पण तिथे सूर्य क्षितिजावर असल्याने सौरपट्ट्या उभ्या खांबांवर लावाव्या लागतात, आणि एकाच्या खांबाची लांबलचक सावली दुसऱ्याच्या पट्टीवर पडते. उन्हाच्या हक्कावरून भांडणं होणार, हे आत्ताच सांगता येतं.

पाणी खरंच आहे का? किती?

आहे. ऑक्टोबर २००८मध्ये निघालेल्या चांद्रयान १वर नासाचं ‘एम ३’ हे उपकरण होतं. त्याच्या नोंदींवरून चांद्रपृष्ठावर पाण्याचे आणि हायड्रॉक्सिलचे रेणू असल्याचं सप्टेंबर २००९मध्ये जाहीर झालं. लगेच ९ ऑक्टोबरला नासाने एलक्रॉस मोहिमेत रॉकेटचा रिकामा टप्पा कॅबियस विवरात आदळवला. उडालेल्या मातीत वजनाने साडेपाच टक्क्यांच्या आसपास पाणी निघालं.

आता हिशोब करू. अंतराळ स्थानकात घाम, श्वासातली वाफ आणि लघवी धरून ९८ टक्के पाणी परत मिळवता येतं, हे २०२३मध्ये साध्य झालं. समजा वस्तीत हजार माणसं आहेत आणि प्रत्येकी वीस लिटर पाणी रोज वापरलं जातं. दोन टक्के गळती धरली तर रोज चारशे लिटर कमी पडतं. पाच टक्के पाण्याची माती असेल तर त्यासाठी रोज आठ टन गोठलेली माती खणावी आणि तापवावी लागेल. तीही उणे दोनशेच्या खाली, मिट्ट काळोखात, जिथे नेहमीचं पोलाद ठिसूळ होतं आणि वंगण थिजतं. खाणीतलं हे काम यंत्रं करतील, पण यंत्रं दुरुस्त करायला माणूसच जाईल. म्हणून वस्तीत पाणीचोर हा सगळ्यात मोठा गुन्हेगार नसेल, गळका नळ पाहून गप्प बसणारा असेल.

श्वास घ्यायला हवा कुठून येणार?

ऑक्सिजन पायाखाली आहे. चांद्रमातीच्या वजनात चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असतो, पण तो सिलिकॉन, लोह, टायटॅनियम यांच्याशी घट्ट बांधलेला. तो सोडवायला प्रचंड उष्णता किंवा वीज लागते. एका माणसाला दिवसाला लागणारा ऑक्सिजन मात्र जेमतेम ८४० ग्रॅम, म्हणजे गणित जमण्यासारखं आहे.

खरी टंचाई नायट्रोजन आणि कार्बनची. चंद्रावर दोन्ही अगदी किरकोळ आहेत. हवेत भर घालायला, खतात, प्रथिनांत, प्लास्टिकमध्ये, सगळीकडे तेच लागतात. सुरुवातीला ते पृथ्वीवरून आणावे लागतील आणि मग कायमचे फिरते ठेवावे लागतील. केळीची साल, फाटका सदरा, कापलेले केस यांतलं काहीच बाहेर टाकता येणार नाही.

बंद जागेत हवा सांभाळणं किती अवघड, हे बायोस्फिअर २ने शिकवलं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात सव्वा हेक्टरची बंदिस्त काचइमारत, आत शेती, जंगल, छोटा समुद्र. सप्टेंबर १९९१मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी आत गेली. हवेतला ऑक्सिजन हळूहळू एकवीस टक्क्यांवरून साडेचौदाच्या खाली आला. माणसांना धाप लागू लागली, झोप उडाली. शेवटी बाहेरून ऑक्सिजन भरावा लागला. कारण सापडलं ते असं: शेतातल्या सेंद्रिय मातीतले जिवाणू ऑक्सिजन खात होते, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांकडे परत जायच्या ऐवजी इमारतीच्या काँक्रीटमध्ये मुरत होता. भिंतीने हवा खाल्ली, असा विचार बांधताना कुणाच्या मनात आला नव्हता. चंद्रावर दार उघडून बाहेरून हवा घेण्याची सोय नाही.

लोक खातील काय?

बटाटा, रताळं, शेंगदाणे, सोयाबीन, डाळी, पालेभाज्या, आळिंबी, टाकीतले मासे. गाई-म्हशी नाहीत, कारण त्यांना लागणारा चारा आणि हवा परवडणार नाही. चहा सोयाच्या दुधाचा.

२०२२मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी अपोलो ११, १२ आणि १७ने आणलेल्या खऱ्या चांद्रमातीत मोहरीच्या कुळातली छोटी रोपं वाढवली. सगळी रुजली, पण पुढे खुरटली, ताणाखाली असल्याची लक्षणं दाखवू लागली. नुसत्या चांद्रमातीत शेती होणार नाही. तिला सेंद्रिय कस द्यावा लागेल, किंवा मुळं पाण्यातच वाढवावी लागतील.

स्वयंपाकघराची गोष्ट कथांमध्ये फारशी येत नाही, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. घरातला दाब पूर्ण ठेवला तर भिंतींवर ताण येतो आणि बाहेर पडताना स्पेससूटच्या कमी दाबाशी जुळवून घ्यायला तासन् तास लागतात. म्हणून दाब निम्म्याच्या आसपास आणि ऑक्सिजनचं प्रमाण चौतीस टक्क्यांपर्यंत, असा मधला मार्ग नासाने सुचवला आहे. या दाबात पाणी ८५ अंशांच्या आतच उकळतं. तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजणारच नाही, कुकर लागेल. आणि फोडणी? चौतीस टक्के ऑक्सिजनमध्ये ठिणगी भडकायला वेळ लागत नाही. २७ जानेवारी १९६७ला अपोलो १च्या यानात शुद्ध ऑक्सिजनमध्ये आग लागून तिघे अंतराळवीर जमिनीवरच गेले. तेलाचा धूर हवा गाळणाऱ्या यंत्रणेत साचतो तो वेगळाच. त्यामुळे घरोघरी फोडणी बंद. वस्तीत एकच मोठं सार्वजनिक स्वयंपाकघर असेल, त्याची हवा वेगळी गाळली जाईल आणि खमंग वासासाठी माणसं तिथे रांग लावतील, असं मी तरी लिहीन.

चंद्राच्या धुळीचा एवढा बाऊ का?

ती धूळ आपल्या धुळीसारखी नाही, म्हणून. चंद्रावर वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे कणांच्या कडा कधी घासल्याच जात नाहीत. प्रत्येक कण काचेच्या तुकड्यासारखा धारदार. शिवाय उन्हाने त्यावर विद्युतभार येतो आणि तो कापडाला चिकटून बसतो. अपोलो १७मधले भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट यानात परतल्यावर शिंकू लागले, नाक चोंदलं. त्याला त्यांनी चंद्राचा परागज्वर म्हटलं. अनेकांना या धुळीला फुटलेल्या दारूगोळ्यासारखा वास आला. त्याच मोहिमेत गाडीचं मडगार्ड तुटलं तेव्हा धुळीच्या कारंज्यापासून वाचायला नकाशाचे कागद चिकटपट्टीने जोडून नवं मडगार्ड करावं लागलं होतं.

पिढ्यान् पिढ्या राहायचं तर ही धूळ फुफ्फुसात जाता कामा नये. पाळी संपवून परतणाऱ्या कामगाराचा क्रम डोळ्यांसमोर आणा. आधी बाहेरच्या जाळीवर पाय आपटायचे, मग विद्युतभाराने धूळ झटकणारी कमान, मग ब्रश, सांध्यांमधून, बोटांच्या घड्यांमधून, गळ्याच्या कड्याखालून. सूट बाहेरच लटकवायचा आणि त्याच्या पाठीतल्या दारातून माणूस थेट आत शिरायचा, म्हणजे सूट घरात येतच नाही. दाराच्या रबरी कडेवर एक कण राहिला तरी हवा गळते, म्हणून ती कड हाताने पुसायची आणि नंतर दुसऱ्याने तपासायची. लहान मुलांना तिथे सर्वांत आधी काय शिकवतील? तर कड पुसायला.

कमी गुरुत्वाकर्षणात मुलं जन्मतील, वाढतील?

याचं उत्तर हातात नाही आणि ते मिळेपर्यंत घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे.

अंतराळ स्थानकात वजनाचा भार पेलणारी हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात. ती झीज थांबवायला रोज दोन तास व्यायाम करावा लागतो. पण ती जवळपास शून्य भाराची स्थिती झाली. एक षष्ठांश भारात माणसाचा सर्वांत दीर्घ मुक्काम अपोलो १७चा, सुमारे ७५ तास. स्थानकातल्या फिरत्या यंत्रात एक षष्ठांश भारात ठेवलेल्या उंदरांवरचा जपानी प्रयोग २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. स्नायूंचं आकारमान टिकलं, पण तंतूंचा प्रकार बदललाच. म्हणजे एक षष्ठांश भार काही गोष्टींना पुरतो, काहींना नाही.

मोठा माणूस हा धोका स्वतःहून पत्करतो. मूल पत्करत नाही. चंद्रावर वाढलेल्या मुलाची हाडं, हृदय, तोल हे सगळं त्या भाराला सरावलेलं असेल. पंचवीस वर्षांची मुलगी पृथ्वीवर आली तर तिचं वजन एका क्षणात सहापट होणार. तिला आजीचं गाव कधीच पाहता येणार नाही, असं कदाचित आई-वडिलांनी तिच्या जन्माआधीच ठरवून टाकलेलं असेल. वस्तीच्या गोष्टींमध्ये मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच.

पृथ्वीशी फोनवर बोलता येईल का?

येईल. अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे आवाज जायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त आणि उत्तर यायला तेवढाच. अडीच सेकंदांची ही फट गप्पांना चालते, दुरून हात चालवून करायच्या शस्त्रक्रियेला नाही. त्यामुळे वस्तीला स्वतःचे सर्जन लागतील.

तिथे पंचांग कसं पाळणार?

आपली तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनावरून ठरते, आणि तो कोन पृथ्वीवरून मोजलेला. चंद्रावर उभं राहिलं की आकाशात चंद्र नाही, पृथ्वी आहे, व्यासाने आपल्या चंद्राच्या पावणेचारपट. ती जवळजवळ एकाच जागी दिसते, उगवत नाही आणि मावळत नाही. कला मात्र बदलतात, आणि नेमक्या उलट्या. आपल्याकडे कोजागरी असते तेव्हा तिथून दिसणारी पृथ्वी अंधारी असते. आपली दिवाळीची अमावस्या म्हणजे तिथली पूर्ण उजळलेली पृथ्वी. संकष्टीचा उपास सोडायला चंद्रोदय तिथे कधीच होणार नाही. माझ्या अंदाजाने लोक पृथ्वीवरच्या आपापल्या गावची तिथी धरतील. नाशिकचे नाशिकची, न्यू जर्सीचे न्यू जर्सीची.

रोजचं घड्याळ मात्र चोवीस तासांचंच राहील, कारण झोप सूर्याला बांधलेली नाही, शरीराला बांधलेली आहे. त्यातही एक बारकावा आहे. गुरुत्वाकर्षण कमी असल्याने चंद्रावरचं घड्याळ पृथ्वीवरच्यापेक्षा दिवसाला पन्नासेक मायक्रोसेकंद पुढे जातं. यानं उतरवायला एवढा फरकही पुरेसा त्रासदायक आहे, म्हणून चंद्राची स्वतंत्र प्रमाणवेळ ठरवायचं काम नासाकडे एप्रिल २०२४मध्ये सोपवलं गेलं.

आणि आपण खग्रास चंद्रग्रहण पाहतो तेव्हा तिथे सूर्यग्रहण असतं. काळ्या पृथ्वीभोवती लालसर कडं. बघायला सगळी वस्ती खिडक्यांशी जमेल, वीजखात्याची माणसं सोडून.

मी चंद्रावर प्लॉट घेतला आहे. तो माझा होईल का?

नाही. १९६७च्या बाह्य अंतराळ कराराच्या दुसऱ्या कलमानुसार कुठल्याही देशाला चंद्रावर मालकी सांगता येत नाही. देशालाच नाही, तर त्या देशातल्या विक्रेत्याला हक्क कुठून येणार? ते प्रमाणपत्र भिंतीवर लावायला ठीक आहे, पैसे गुंतवायला नाही.

जमिनीचं एवढं स्पष्ट असलं तरी खणून काढलेल्या वस्तूचं तसं नाही. अमेरिकेने २०१५मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७मध्ये काढलेली संपत्ती कंपनीची होऊ शकते असे कायदे केले. १९७९च्या चंद्रकरारात ही संपत्ती सगळ्या मानवजातीची मानली होती. भारताने त्यावर १९८२मध्ये सही केली, पण तो संमत केला नाही. जून २०२३मध्ये भारत अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या, अशी संपत्ती काढायला मोकळीक देणाऱ्या आर्टेमिस करारात सामील झाला. सगळ्या वादाचा गाभा ध्रुवावरची थोडीशी बर्फाची विवरं आणि थोडेसे उजेडाचे उंचवटे हाच असणार.

वस्तीवर राज्य कोणाचं असेल?

१९६७च्याच करारानुसार ज्या देशाने यान नोंदवलं त्याचा कायदा त्या यानातल्या माणसांना लागू होतो. तळाला एवढं पुरतं. तीन पिढ्यांच्या वस्तीला पुरणार नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न वेगळा आहे: हवेची कळ कोणाच्या हातात?

शिकागोजवळ पुलमन नावाची वसाहत होती. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीने कामगारांसाठी बांधलेली, दिसायला सुंदर. घरं, दुकानं, बागा, सगळं कंपनीचं. १८९३च्या मंदीत कंपनीने मजुरी कापली, पण घरभाडं तेवढंच ठेवलं. कामगाराच्या हातात काहीच उरेना. १८९४मध्ये संप झाला, तो देशभर पसरला, सरकारने सैन्य आणलं, माणसं मेली. नाराज कामगाराला निदान वसाहत सोडून चालत दुसरीकडे जाता येत होतं. चंद्रावर दाराबाहेर काही नाही. मालक एकच, घर त्याचं, पाणी त्याचं आणि श्वासही त्याचा, अशा ठिकाणी कुणी ‘नाही’ म्हणू शकेल का?

म्हणून वस्तीचा पहिला कायदा हवेचा असावा. पैसे थकले, गुन्हा केला, संप केला, कशाहीसाठी कुणाची हवा तोडता येणार नाही. आणि नुसतं कागदावर लिहून भागणार नाही, ते बांधकामातच असलं पाहिजे. एका खोलीची हवा दूर बसलेल्या माणसाला बंद करता येईल अशी कळच बसवू नये. आग लागली तर दार आतल्या माणसालाही उघडता आलं पाहिजे. हवेची केंद्रं किमान दोन हवीत, वेगळ्या व्यवस्थापनाखाली. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि दाब यांचे आकडे प्रत्येक चौकात, सगळ्यांना वाचता येतील असे लावावेत.

याची दुसरी बाजूही आहे. हवाकेंद्रातले कामगारच संपावर गेले तर? त्यांचा हक्क मारला तर तेच सर्वांत दुबळे होतील. हक्क दिला तर हजारो जीव टांगणीला लागतील. मला सुचणारा मार्ग असा की त्यांचं गाऱ्हाणं ठरलेल्या दिवसांत ऐकणारं आणि दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारं लवाद मंडळ असावं, आणि त्यात निम्मी माणसं चिठ्ठी टाकून निवडलेले साधे रहिवासी असावेत. यापेक्षा चांगलं उत्तर एखाद्या लेखकाने शोधलं तर मी ते आनंदाने वाचेन.

हेलियम-३ विकून वस्ती श्रीमंत होईल ना?

मला वाटत नाही. हेलियम-३ हा हेलियमचा दुर्मीळ प्रकार, भविष्यातलं अणुइंधन म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. चांद्रमातीत तो अब्जात काही भाग एवढाच आहे, आणि तो जाळून वीज देणारी संमीलन अणुभट्टी अजून कुठेही नाही. चंद्राची खरी विकाऊ वस्तू म्हणजे पाणी आणि ऑक्सिजन, इतर यानांना इंधन म्हणून. चंद्रावरून सुटायला सेकंदाला २.४ किलोमीटर वेग पुरतो, पृथ्वीवरून ११.२ लागतो.

यात भारत कुठे आहे? महाराष्ट्राचा काही संबंध?

२०३५पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक आणि २०४०पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर, ही जाहीर उद्दिष्टं आहेत. चंद्रावरून माती आणणाऱ्या चांद्रयान ४ला सप्टेंबर २०२४मध्ये मंजुरी मिळाली. मला स्वतःला जास्त भावलेलं काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचं आहे. इस्रोबरोबर त्यांनी कृत्रिम चांद्रमातीत जिवाणू, युरिया आणि गवारीच्या बियांचा डिंक मिसळून विटा केल्या, २०२०मध्ये. युरिया माणसाच्या लघवीतून मिळतो. चंद्रावर घर बांधताना लागेल ती हीच काटकसर.

महाराष्ट्रात लोणार आहे. उल्केने बेसाल्टमध्ये पाडलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी, आणि त्यांत लोणार सर्वांत चांगलं टिकलेलं. चंद्रावरचे काळे डाग, ज्यांना सागर म्हणतात, तेही बेसाल्टचेच. सह्याद्रीचा काळा दगड हातात घेतलेल्या माणसाला चंद्राच्या खडकाची जात ओळखीचीच आहे. बुलढाणा जिल्ह्यात गेलात तर सरोवराबरोबर विवराची उचललेली कडही पाहा. चंद्रावर अशी लाखो आहेत, फक्त झाडं आणि माकडं नाहीत.

तिथे कुणी वारलं तर?

चंद्रावर आज एका माणसाच्या अस्थी आहेत. भूशास्त्रज्ञ युजीन शूमेकर यांच्या, १९९९मध्ये लुनार प्रॉस्पेक्टर यानाबरोबर चंद्रावर पोचलेल्या. त्यांना अंतराळवीर व्हायचं होतं, प्रकृतीमुळे होता आलं नाही.

वस्तीत दहन शक्य नाही, ऑक्सिजन जळतो. बाहेर पुरलं तर देह तसाच राहील आणि त्यातला कार्बन, नायट्रोजन कायमचा गेला. मग उरतं ते मातीत मिसळणं: देहाचं खत, शेताला. आज ऐकायला कठीण वाटतं. पण ज्यांचा प्रत्येक घास त्याच मातीतून आला, त्यांना आपली आजी बटाट्याच्या वाफ्यात आहे हे कठीण वाटणार नाही, असं मला मनापासून वाटतं. धर्म आपापले विधी त्याभोवती शोधतील. ज्याला हे नको असेल त्याला नकाराचा हक्क हवा, आणि त्याच्या वाटचा नायट्रोजन पृथ्वीवरून मागवायचा खर्च वस्तीने सोसावा.

माझ्या मुलीला तिथे जायचं आहे. तिने काय शिकावं?

वैमानिक फार थोडे लागतील. जास्त लागतील ते वेल्डर, प्लंबर, वातानुकूलनाचे तंत्रज्ञ, पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करणारे, मातीतल्या जिवाणूंचे अभ्यासक, परिचारिका, दंतवैद्य, शिक्षक. आयटीआयमधला चांगला फिटर तिथे डॉक्टरइतकाच मोलाचा ठरेल. मुलगी दहावीत असेल तर गणित आणि रसायनशास्त्र सोडू देऊ नका, आणि घरातला नळ गळला तर पाना तिच्या हातात द्या.